मागच्या पाटासाठी एक रॉड

६ जानेवारी, शनिवार

ठरलं. या वर्षी होडीत मागच्या पाटावर मी बसणार.

आजवरचा प्रकार लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मी उगाच हट्टाला पेटलो. मार्युतशी लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात युहान्नुसच्या सणाला सासऱ्याच्या तळ्यावरच्या घरी जायचं. सणाला पाइक माशाचं सूप हवंच, आणि तो पाइक आपल्याच तळ्यातून आला पाहिजे. सासरा ताइस्तो मागच्या पाटावर गळाची काठी धरून बसणार, दोरा पाण्यात सोडणार आणि मी मधल्या पाटावर बसून वल्ही मारणार. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं. त्यामुळे इतक्या वर्षांत मी तळं असं पाहिलेलंच नाही, ताइस्तोला पाहिलंय. मासा आला की कौतुक त्याचं आणि हाताला फोड माझ्या.

ख्रिसमसला ताइस्तोने जाहीर केलं की खांदा गेला, आता काठी झेपत नाही. येत्या युहान्नुसला जो पाइक आणेल, मागचा पाट त्याचा. बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं. निदान माझ्या दिशेने तरी. साडू योउको माझ्या शेजारीच होता, पण तो हॅम खाण्यात गुंग होता.

योउकोकडे त्याच्या बापाची जुनी काठी आहे. मुठीला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. स्पर्धा म्हणावी असं काही नाही.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. हे स्पष्ट दिसतं की हे, असं दिवसभर लोकांना विचारतो. म्हणजे निवड हाच माझा धंदा. योग्य रॉड निवडला की अर्धं काम झालं. पाऊणच म्हणायला हरकत नाही.

१३ जानेवारी, शनिवार

सिर्पाच्या दुकानात गेलो. अख्ख्या कुओपिओ शहरात मासेमारीचं सामान तिच्याइतकं कुणाकडे नाही, आणि तिच्याइतकी तुटक बाईही नाही. भिंतभर रॉड. मी लांबी, ताठपणा, कार्बनची प्रत यावर सुरुवात केली. तिने मध्येच विचारलं, टाकणार कुठून? काठावरून की होडीतून?

पहिल्याच भेटीत इतका खाजगी प्रश्न. म्हटलं, परिस्थितीवर अवलंबून आहे. कुठल्या परिस्थितीवर, म्हणाली. म्हटलं, सगळीकडून टाकणार. मग तीन रॉड लागतील, म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला गांडुळं मोजून द्यायला गेली.

घरी मार्युतला सांगितलं. ती म्हणाली, बरोबरच विचारलं की तिने. बायकांची एकी.

२८ जानेवारी, रविवार

अभ्यास चालू आहे. इंटरनेटवर एक तज्ज्ञ लिहितो, पाइकला लांब रॉडच हवा. दुसरा लिहितो, लांब रॉड घेणाऱ्याला पाइक काय असतो ते कळलेलंच नाही. मग दोघांनी एकमेकांच्या आईबापांपर्यंत मजल नेली. दोघांच्या हातात फोटोत हा एवढा मासा, दातांसकट. मासा मात्र एकच वाटतो मला. असो.

मार्युत म्हणाली, बाबा लहानपणी सुतळी आणि वाकवलेल्या खिळ्यावर पाइक धरायचे. मी शांतपणे सांगितलं की तेव्हाचे पाइक वेगळे होते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

घेतला! काळा, कार्बनचा, एकसंध. मध्ये जोड नाही, कारण मोठा मासा जोडावरच घात करतो. सिर्पा पुन्हा विचारायला लागली होती, कुठून टाकणार म्हणून. मी कार्ड पुढे केलं.

एकसंध असल्याने गाडीत बसेना. बसने आणला. बस भरलेली, पण रॉडकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा रॉडच्या टोकाने पुढच्या बाईची लोकरी टोपी उचलली गेली आणि एका कानावर आली. बाई काही बोलली नाही. तशीच तिरकी टोपी घेऊन आपल्या स्टॉपवर उतरली. आपल्या लोकांचा हा समजूतदारपणा मला आवडतो.

२ मार्च, शनिवार

इमारतीच्या अंगणात सराव. गुडघाभर बर्फ, पण सराव तो सराव. शहाणे लोक म्हणतात, सरावाला गळ लावू नका, नुसतं शिसं लावा. मला ते पटत नाही. लढाईचा सराव लाकडी तलवारीने करू नये.

तिसऱ्या फेकीला जबरदस्त ओढ लागली. अंगणातल्या दांडीवर वरच्या मजल्यावरच्या तुओवीने सतरंजी झटकायला टाकली होती, तिच्यात गळ रुतला. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रॉड उंच धरला, दोरा सैल पडू दिला नाही, आणि सतरंजी पूर्ण माझ्या पायापर्यंत आणली. रॉडची ताकद सिद्ध झाली. तुओवी खिडकीतून सगळं बघत होती. म्हणाली, वजन लिहून ठेवणार असशील तर कोरडी असताना चार किलो भरते.

लिहून ठेवलं.

९ मार्च, शनिवार

ताइस्तोचा फोन. नव्या काठीची बातमी मार्युतने दिलीच होती. (तो काठी म्हणतो. शंभरदा सांगितलं, रॉड.) लांबी विचारली. सांगितली. मग म्हणाला, छान, म्हणजे तुला इकडे यायलाच नको, स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच टाक.

सावो भागातल्या माणसांचं हे असंच. बोलतात ते, आणि अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. मी तिकडचा जावई खरा, पण माझा जन्म सरळ बोलणाऱ्या गावातला.

तरी मनात शंका आली. होडीत बसून हात पसरून बघितला (म्हणजे सोफ्यावर बसून). इतका लांब रॉड मागच्या पाटावरून फिरवला तर वल्ही मारणाऱ्याचा कान जाणार.

रॉड परत करायला गेलो. सिर्पाने काही विचारलं नाही, नुसती उभी राहिली. तिचं ते उभं राहणं असह्य होऊन मीच सांगून टाकलं, होडीतून. वल्ह्याच्या होडीतून, दोरा मागे सोडून.

मग तिने आखूड, दोन तुकड्यांचा रॉड काढून दिला. तिला पहिल्यापासून हाच द्यायचा होता, असा चेहरा केला. पावती करताना म्हणाली, आणि वल्हवणार कोण?

हा मुद्दा माझ्या अभ्यासात आला नव्हता.

१४ एप्रिल, रविवार

वल्हवणारा शोधतो आहे. मार्युत म्हणाली, अजिबात नाही. लहानपणी बाबांसाठी वल्हवायची, डावीकडे गेलं की ओरडायचे, उजवीकडे गेलं की ओरडायचे. शेवटी बारा वर्षांची असताना तळ्याच्या मध्यावर वल्ही टाकून पोहत घरी आली. योउको वल्हवतो, पण त्याचा उजवा हात दणकट, त्यामुळे होडी गोल फिरते. सहकारी ओस्मोला विचारलं. त्याने विचारलं, युहान्नुसला? मी म्हटलं, हो. तो हसत हसत कॉफी आणायला गेला आणि परत आला नाही.

वल्ही मारणं हे काही मोठं काम नाही. कुणीही मारू शकतं. नंतर बघू.

४ मे, शनिवार

बर्फ गेला. तळी मोकळी झाली. योउकोचा फोन, काठावरच्या लव्हाळ्यांत उभा राहून टेपवाल्या काठीने दोन पाइक काढले म्हणे. या दिवसांत पाइक उथळ पाण्यात येऊन नुसते पडलेले असतात, त्यांना कुणीही काढेल. आणि युहान्नुसचा मासा हा युहान्नुसलाच धरावा लागतो. हे दोन मोजायचे नाहीत. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, मोजायला आता उरलेत कुठे, तळून खाल्ले.

माझा रॉड अजून कोरा आहे. आखूड रॉडला जुनं रीळ शोभत नाही. नवं मागवलंय. घाई करणाऱ्यांना मासे मिळतात, जातिवंत मासेमार नाही होता येत.

१८ मे, शनिवार. तळ्यावरचं घर

हिवाळ्यानंतर घर उघडायला सगळे जमलो. सासू आउनेने साउनात, म्हणजे लाकडं पेटवून तापवायच्या वाफेच्या खोलीत, चादरी वाळत घातल्या होत्या. या घरात सगळं साउनात वाळतं. आदल्या दिवशीच्या आचेवर मशरूम, चादरी, ताइस्तोचे बूट, एकदा तर भिजलेलं बायबलही. मी आउनेला समजावलं की वस्तूंसाठी हे योग्य नाही, तापमानाचं काही शास्त्र असतं. ती म्हणाली, बायबल वाळलं की पण. मागासलेपणा जाता जात नाही.

ताइस्तोने रॉड हातात घेतला. हलवला. डोळ्यासमोर आडवा धरला. म्हणाला, चांगली आहे, न्हाणीघराच्या खिडकीला पडदा लावायचा राहिलाच आहे. योउको हसता हसता खोकला.

मग ताइस्तोने मला विचारलं, वल्ह्यांना डांबर लावलंस का?

वर योउकोला म्हणाला, काठी कुठलीही चालते रे, इल्पो आहे ना, मग झालं.

सगळ्यांसमोर! म्हणजे काय समजतो मला हा माणूस? गडी? इल्पोने वल्ही मारायची, इल्पोने डांबर लावायचं, इल्पोने साउना तापवायचा, आणि मागे बसून मिरवणार दुसरे. जेवणावरचं मनच उडालं. दोनदाच वाढून घेतलं.

रॉड आज वापरला नाही. सकाळी वारा प्रतिकूल होता, मग कॉफी झाली, मग छपरावरचं शेवाळ काढायचं होतं. डांबर लावलं. लावणार कोण दुसरं?

८ जून, शनिवार

रीळ आलं. देखणं आहे. बसवलं. सोफ्यावरून बेडरूमपर्यंत दोरा सोडून बघितला. तो तिथेच कपाटामागे गुंतला. मार्युतने दोन तास सोडवला. तिला सोडवू दिलं, कारण तिची बोटं बारीक आहेत.

ती आज म्हणाली, नमनाला घडाभर तेल गेलं, आता नाटक कधी? मी म्हटलं, युहान्नुसला बघशील.

आणि खरं सांगू? (स्वतःलाच सांगतोय, म्हणून.) मला पाइकचं एवढं काही नाही. सूप मला आवडतही नाही, काटे फार. पण एकदा त्या मागच्या पाटावर बसून धक्क्याकडे परत यायचंय, आणि धक्क्यावर उभ्या ताइस्तोने बघायचंय. बस्स.

२० जून, गुरुवार. संध्याकाळ

पोचलो. धक्क्यावरून पहिली प्रत्यक्ष फेक. पाऊस होता, पण थांबलो नाही. निकाल: लव्हाळे, पुन्हा लव्हाळे, माझी स्वतःची बाही, लव्हाळे. रॉड अप्रतिम. दोष लव्हाळ्यांचा.

उद्याची व्यवस्था ठरली. होडी एकच. योउको सकाळी, मी साउनानंतर संध्याकाळी. मला पहिली पाळी मिळायला हवी होती, पण नाणं ताइस्तोने उडवलं आणि पकडलंही त्यानेच. वल्हवायला योउकोने होकार दिलाय, कंबर धड राहिली तर.

रॉड चिंब भिजला, पिशवी भिजली, आमिषाचे रबरी मासे भिजले. मुठीच्या कॉर्कमध्ये पाणी मुरू देणं चुकीचं. आउने म्हणाली, साउनात टांग, सकाळपर्यंत खडखडीत. आज साउना तापवलेला नाही, कालची मंद ऊब फक्त. अशी मंद ऊब शास्त्राला धरून आहे. वरच्या बाकाच्याही वर, छताजवळच्या दोन खिळ्यांवर आडवा ठेवला. रबरी माशांची पिशवी टोकाला टांगली, म्हणजे एका जागी सगळं वाळेल.

व्यवस्थितपणा हा माझा स्वभाव आहे.

२१ जून, शुक्रवार. सकाळी नऊ

योउको परतला. रिकामा! काठी गुडघ्यांत धरून स्वतःच वल्हवत होता. पहाटेपासून तळ्यात गोल गोल फिरला. पाणी गरम आहे म्हणतो. वाकड्या अंगणाची गोष्ट मला ठाऊक आहे.

म्हणजे मैदान मोकळं. मागचा पाट आज माझा.

दुपारी तीन

साउना तापवायला जातो. ते काम दरवर्षी माझंच. या घरात माझ्यासारखी आच कुणाला जमत नाही, हे योउकोही मानतो. आज बर्चची लाकडं नेहमीपेक्षा जास्त घालणार. सगळ्यांचं पटकन उरकलं पाहिजे, म्हणजे मी पाण्यावर जायला मोकळा.

मन अगदी शांत आहे. काहीतरी विसरतोय असं वाटतं, पण तो आनंदच असावा.

२२ जून, शनिवार. सकाळ

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

काल पुरुष आधी आत गेले, रिवाजाप्रमाणे. ताइस्तो, योउको, मी. वरच्या बाकावर. अंधुक उजेड, घाम, शांतता. ताइस्तोने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ आली आणि वाफेबरोबर वास. सायकलच्या दुकानाला आग लागावी तसा. साउनात उगाच बोलत नाहीत. ताइस्तोने पुन्हा पाणी ओतलं. योउको म्हणाला, साबण बदललास का रे इल्पो?

तेवढ्यात माझ्या खांद्यावर काहीतरी गरम, चिकट, हिरवं पडलं. त्याला डोळे होते.

ताइस्तोने वर पाहिलं. सावकाश पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रॉड दोन खिळ्यांच्या मधून चंद्रकोरीसारखा वाकला होता, मुठीचा कॉर्क सुटून फिरत होता, एक कडी ओघळून खाली आली होती, आणि टोकाला वितळलेल्या माशांचा गोळा लोंबत होता.

ताइस्तो म्हणाला, वाकली. लागला वाटतं.

योउको बाकावरून उतरून बाहेर पळाला. तळ्यात उडी मारल्याचा आवाज आला आणि मग पाण्यातून त्याचं हसू. बराच वेळ येत होतं. मला रडू येत होतं आणि ते घामात खपून गेलं, एवढाच साउनाचा उपयोग.

मी आच चांगली करतो, ही माझी चूक आहे का? आउनेने टांग म्हटलं नसतं तर? आणि आत आलेल्या एकालाही आधी वर बघता येऊ नये?

बाहेर कपडे घालून धक्क्यावर बसलो. पाइक नाही, रॉड नाही, माझी पाळी फुकट. योउको ओल्या केसांनी आला आणि त्याने त्याची टेपवाली काठी माझ्या शेजारी ठेवली. घे, म्हणाला, पण वल्हवायचं मला नको सांगूस, कंबर गेली, हसून हसून. माणूस वाईट नाही. ते जास्त त्रासदायक आहे.

आता काठी आहे तर वल्हवणारा नाही. मी हिशोब करत होतो की एकट्याला दोन्ही कसं जमेल, तोवर आउने आली. डोक्याला टॉवेल, अंगात ताइस्तोचा जुना स्वेटर. काठी उचलली, होडीत शिरली आणि मागच्या पाटावर बसली. माझ्या पाटावर. म्हणाली, चाळीस वर्षं त्या माशाचे काटे काढतेय, एकदा त्याला जिवंत बघू दे. चल, मार वल्ही.

सासूला काय सांगणार? की ती जागा माझी आहे? मारली वल्ही.

रागात होतो, त्यामुळे तिच्याशी बोललो नाही. नेहमीच्या वाटेने नेली होडी. लव्हाळ्यांच्या कडेने, दोन हात अंतर ठेवून, पातं पाण्यात न वाजवता. बुडालेल्या दगडाशी मी नेहमी वेग कमी करतो. का ते माहीत नाही, हाताला सवय. मग दोन वेळा जोरात. आउनेच्या हातातली काठी खाली गेली.

पाइक मोठा होता. सतरंजीपेक्षा मोठा. आउने ओरडली नाही, फक्त म्हणाली, अगं बाई, हा तर ओढतोय. मी होडी तिरकी धरून मासा लव्हाळ्यांपासून बाहेर खेचत ठेवला, नाहीतर ती कुठली आणणार? तिला तर रीळ कुठल्या दिशेला फिरतं तेही माहीत नव्हतं. टेपवाली काठी, रीळ उलटं फिरवणारी बाई, आणि पाइक! मी सहा महिने अभ्यास केला.

परत येताना ती धक्क्याकडे तोंड करून बसली होती, मासा मांडीवर. धक्क्यावर सगळे उभे. मला ते दिसले नाहीत. माझं तोंड दुसरीकडे होतं.

जेवताना सूप वाढलं गेलं आणि ताइस्तो पेला घेऊन उभा राहिला. तो सहसा उभा राहत नाही. म्हणाला, या वर्षीचा पाइक इल्पोने आणला.

मी सांगितलं, आउनेने धरला. ताइस्तो म्हणाला, तेच म्हणतोय मी. आउनेनेही मान हलवली, योउकोनेही. तो हसतही नव्हता. मार्युतने टेबलाखाली माझा हात धरला. मी समजलो काय ते. एवढ्या वयाच्या माणसाला सगळ्यांसमोर चूक दाखवायची नसते. मीही गप्प बसलो.

पण प्रकार गंभीर आहे. धक्क्यावर उभं राहून मागच्या पाटावर कोण बसलंय ते दिसू नये? आपली बायको आहे की जावई आहे, एवढंही? खांद्यापाठोपाठ नजरही गेली. या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी दुकानात बोलावतो.

१ जुलै, सोमवार

ताइस्तोला घेऊन मार्युत दुकानात आली. त्यांच्याबरोबर आउनेने वाटाणे पाठवले. रॉडची चंद्रकोर वेलांना आधाराला लावलीय, वाकडी असल्याने शेंगा हाताशी येतात म्हणे.

त्याला खुर्चीत बसवलं. एकेक भिंग लावलं. हे बरं की हे, विचारलं. म्हणाला, दोन्ही सारखी, काढ ते. तक्ता नुसत्या डोळ्यांनी वाचला. शेवटची बारीक ओळही, आणि त्याच्या खाली छापखान्याचं नाव असतं तेही. डोळ्यांत दोष नाही. दूरचं तर माझ्यापेक्षा स्पष्ट.

मला चैन पडेना. टोपी घालून निघताना सरळच विचारलं, त्या दिवशी धक्क्यावरून आमची होडी दिसत होती का तुला?

तो दारात थांबला. म्हणाला, वल्ही दिसत होती.

एवढंच. म्हणजे होडी दिसत नव्हती, आणि आउनेही नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायला हवं.